दिवसा सोफा, रात्री पलंग : घरच्या घरी घडवा ‘सोफा-कम-बेड’

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाचे घर कधीही केवळ त्या कुटुंबाचे नसते. जिंतूरहून कुणी दवाखान्यासाठी येतो, गंगाखेडहून भाचा परीक्षेसाठी मुक्कामाला असतो, पालमहून आई-वडील महिना-पंधरा दिवसांसाठी येतात. पूर्वी अशा वेळी ओसरीवर बाज टाकली की प्रश्न मिटत असे. आता ओसरी गेली, अंगण गेले आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत बाज उभी करून ठेवायलाही भिंत उरलेली नाही. तरुण पाहुणा सतरंजीवर झोपतो. पण गुडघे दुखणाऱ्या वडिलांना जमिनीवरून उठवायचे तर दोघांचा आधार लागतो. बैठकीच्या खोलीत दिवसा तिघांना बसवणारा आणि रात्री दोघांना निजवणारा एकच पलंग असावा, ही हौस नव्हे, गरज आहे.

बाजारात ‘सोफा-कम-बेड’ या नावाने ही वस्तू तयार मिळते. मात्र तिचे आयुष्य बहुतेक वेळा आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांवर ठरते: चौकटीचे लाकूड, फोमची घनता आणि उघडमिटीची यंत्रणा. वरच्या कापडाला भुलून घेतलेला सोफा दोन पावसाळ्यांत कुरकुरू लागतो. थोडे हत्यार चालवता येत असेल, किंवा ओळखीच्या सुताराकडून समोर बसून काम करून घेण्याची तयारी असेल, तर हा सोफा घरी घडवणे अवघड नाही. कसा, ते येथे मापांसह पाहू.

थोडा इतिहास

बसण्याची आणि निजण्याची जागा एकच असणे आपल्याकडे नवे नाही. ‘सोफा’ हा शब्द अरबी ‘सुफ्फा’वरून, तर ‘दिवाण’ हा फारसीतून आला. दिवाण म्हणजे मूळची हिशेबाची वही. मग दरबाराची कचेरी आणि शेवटी त्या कचेरीतील गादी-तक्क्यांची बैठक. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे तख्त, दिवाण, गादी-लोड ही बैठक इथल्या वाड्यांना परिचयाची होती. दुपारी हिशेब आणि रात्री वामकुक्षीचीच पुढची पायरी, असा तिचा दुहेरी उपयोग होई.

यांत्रिक घडीचा पलंग मात्र पाश्चात्त्य शहरांतील लहान घरांनी जन्माला घातला. अमेरिकेत लिओनार्ड बेली या कृष्णवर्णीय संशोधकाला १८९९ मध्ये घडीच्या पलंगाचे पेटंट मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी याने भिंतीत उभा राहणारा पलंग रूढ केला. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड कॅस्ट्रो याने १९३१ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याने सोफ्यातून पलंग काढण्याची कल्पना घरोघरी नेली. जपानी माणसाने तर पलंगच वगळला. रात्री जमिनीवर अंथरायची आणि सकाळी कपाटात ठेवायची कापसाची गादी एवढ्यावर त्याने भागवले. आपल्या गोधडी-गादीची ती जवळची नातेवाईकच म्हणायची.

कोणता प्रकार निवडावा?

सध्या प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात सोफ्याची पाठ खटक्याने मागे पडते आणि बसण्याच्या जागेशी सपाट होते. यात खटक्याची लोखंडी बिजागरी विकत घ्यावी लागते आणि पाठ मागे पडण्यासाठी सोफा दर वेळी भिंतीपासून ओढावा लागतो. दुसऱ्यात बैठकीखाली तीन घड्यांची लोखंडी जाळी असते. ती घरी घडवता येत नाही, स्प्रिंग सैल झाल्या की मधोमध झोळ पडतो आणि घडी घालताना बोट चिमटण्याचा धोका सर्वांत अधिक असतो.

तिसरा प्रकार सरकत्या पट्ट्यांचा. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशा लाकडी पट्ट्यांच्या दोन रांगा यात एकमेकींत बसलेल्या असतात. एक रांग स्थिर, दुसरी सरकती. पुढची कड ओढली की सरकत्या पट्ट्या बाहेर येतात आणि बैठकीची रुंदी जवळजवळ दुप्पट होते. पाठीची गादी मागच्या मोकळ्या जागेत आडवी टाकली की पलंग तयार. यात स्प्रिंग नाही, बिजागरी नाही, खटका नाही. बिघडण्याजोगे काही नाहीच. घरी करण्यासाठी हाच प्रकार योग्य. पुढील सर्व मापे त्याची आहेत.

आधी खोली मोजा

आपल्या सोफ्याची बाहेरची लांबी ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट असेल. मिटलेला असताना त्याची खोली साडेअठ्ठावीस इंच आणि उघडल्यावर सुमारे ५० इंच होईल. गादीचे एकत्रित माप ७५ बाय ४८ इंच, म्हणजे सव्वासहा फूट बाय चार फूट. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्यासाठी पलंगापुढे किमान दोन फूट वाट हवी. दहा फूट रुंदीच्या खोलीत पलंग उघडल्यावरही जवळपास पावणेसहा फूट मोकळे राहतात. त्यामुळे अडचण येत नाही. मात्र दार कुठल्या बाजूला उघडते आणि टीपॉय रात्री कुठे ठेवायचा, हे आधीच ठरवावे. खडूने फरशीवर दोन्ही आकार आखून एक दिवस त्यांच्याभोवती वावरून पाहावे. कागदावर न दिसणाऱ्या अडचणी खडूच्या रेघांवर लगेच दिसतात.

उंचीचाही विचार करावा. पट्ट्यांचा माथा जमिनीपासून १२ इंचांवर आणि वर ५ इंचांची गादी, असे मिळून बैठक १७ इंचांवर येते. घरात गुडघेदुखीची माणसे असतील तर खांब व पाय एक इंचाने वाढवावेत. बसल्यावर तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि उठताना हाताचा जोर द्यावा लागू नये, ही साधी कसोटी.

लाकूड : वखारीत काय पाहावे

सागवानाला तोड नाही. ते वजनाला बेताचे, तेलकट, वाळवीला दाद न देणारे आणि पावसाळ्यात फारसे न फुगणारे असते. आपल्या सोफ्याला ते सुमारे तीन घनफूट लागेल. रंधा आणि कापणीतील तूट धरून चार घनफूट घ्यावे. पूर्ण चौकटीचे वजन सागवानात ५५ किलोच्या आसपास भरते.

बाभूळ स्वस्त आणि चिवट. औत आणि बैलगाडीसाठी आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरली. पण ती जड असते आणि ओली कापली तर वाळताना तडकते. कमीत कमी एक उन्हाळा सावलीत वाळलेली बाभूळ मिळाली तर आडव्यांसाठी आणि खांबांसाठी उत्तम. सरकत्या पट्ट्यांसाठी नको. आंब्याचे लाकूड हलके व स्वस्त असले तरी त्याला कीड लवकर लागते. भार घेणाऱ्या भागांत ते वापरू नये.

मराठवाड्यात आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे जुन्या लाकडाचा. माळवदाची घरे आणि वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया व खांब विकायला निघतात. पन्नास-साठ वर्षे वाळलेले हे सागवान नव्यापेक्षा अधिक स्थिर असते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आत मोडून राहिलेले खिळे. करवतीखाली आले तर पाते जाते आणि डोळ्याला इजाही होऊ शकते. दुसरी, टोकांची पोखरण. टोकदार खिळा दाबला असता सहज आत गेला तर ते लाकूड परत करावे.

शेतातल्या सागाचे लाकूड वापरण्याचा मोह होतो. पण महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग हा अनुसूचित वृक्ष आहे. स्वतःच्या शेतातला साग तोडण्यासही परवानगी लागते. वखारीतून लाकूड घेताना पावती अवश्य मागावी. नवे लाकूड निवडताना बाहेरचा पांढरट भाग टाळावा, कारण भुंगा प्रथम तिथेच शिरतो.

प्लायवूड वापरायचे असल्यास ते पाठीच्या भागापुरते ठेवावे. अरुंद पट्ट्या प्लायवूडच्या केल्या तर कडा सुटतात आणि सरकताना त्यांचे कुसळ गादीच्या कापडात अडकते.

मापांची यादी

सुतारकामात एक इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. खालील मापे रंधून झाल्यानंतरची, लांबी बाय रुंदी बाय जाडी अशा क्रमाने इंचांत आहेत.

मागची आडवी : ७५ × ४ × १½, नग १
पुढची स्थिर आडवी : ७५ × ४ × १½, नग १
पुढची सरकती आडवी : ७८ × ४ × १½, नग १
बाजूच्या आडव्या : २६ × ४ × १½, नग २
मागचे खांब : ३६ × ३ × १½, नग २
हाताचे पुढचे खांब : २२ × ३ × १½, नग २
हात टेकण्याच्या फळ्या : २४ × ३ × १, नग २
स्थिर चौकटीचे मधले पाय : ९½ × ३ × १½, नग २
सरकत्या चौकटीचे पाय : ११ इंच १ सूत × ३ × १½, नग ३
स्थिर पट्ट्या : २६ × २¾ × ७ सूत, नग १३
सरकत्या पट्ट्या : २७ × २¾ × ७ सूत, नग १२
बांधपट्टी : ७० × १½ × १, नग १
पाठीच्या आडव्या पट्ट्या : ८१ × ३ × १, नग २
पाठीच्या उभ्या पट्ट्या : २२ × २¾ × ७ सूत, नग ६

याशिवाय तीन सुती जाडीचे ४ इंची बोल्ट व नट-वायसर ८, दोन इंची स्क्रू शंभर, दीड इंची स्क्रू २४, लाकडाचा पांढरा डिंक, पायांखालचे फेल्ट किंवा रबर, आणि हत्यारांत करवत, रंधा, पटाशी, गुण्या, हातड्रिल, पेचकस, पाना व दोन शिकंजे.

पट्ट्यांचे गणित

या सोफ्याचे सारे यश पंचवीस पट्ट्यांच्या गणितात आहे. प्रत्येक पट्टी पावणेतीन इंच रुंद आणि दोन पट्ट्यांमध्ये दोन सुतांची फट. पंचवीस पट्ट्या आणि चोवीस फटी मिळून पावणेपंच्याहत्तर इंच होतात. ७५ इंचांच्या चौकटीत दोन्ही टोकांना एकेक सूत मोकळे राहते.

फट कमी ठेवण्याचा आग्रह सुतार हमखास धरतो, ‘काम बारीक दिसतं’ म्हणून. तो मानू नये. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि लाकूड आक्रसते. जूननंतर हवा दमट झाली की तेच लाकूड फुगते. उन्हाळ्यात अर्ध्या सुताच्या फटीने बसवलेल्या पट्ट्या श्रावणात एकमेकींना घट्ट धरून बसतात, आणि नेमका पाहुणा आल्यावर सोफा उघडत नाही. दोन सुतांची फट हा बदल सहज पचवते आणि गादीखाली हवाही खेळती ठेवते.

घडण : पायरी पायरीने

पहिली पायरी स्थिर चौकटीची. मागची आणि पुढची आडवी बाजूंच्या दोन आडव्यांच्या मध्ये बसवावी. सांधा खाचेत जीभ बसवून करावा आणि डिंक लावून शिकंज्याने रात्रभर आवळून ठेवावा. नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवू नये. आवळताना चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. दोन्ही सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे; तीन-चार सुतांचा फरकही पुढे पट्ट्या अडकवतो. चारही आडव्यांचे माथे एका पातळीत हवेत.

दुसरी पायरी खांबांची. मागचे व हाताचे खांब बाजूच्या आडव्यांना बाहेरून लावावेत, प्रत्येक खांबाला दोन बोल्ट. आडवीचा माथा जमिनीपासून ११ इंच १ सुतावर यावा. खांब डिंकाने चिकटवू नयेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हीच मोठी सोय आहे: बोल्ट काढले की खांब, हात आणि पाठ सुटी होतात आणि उरलेली बैठक कोणत्याही दारातून आडवी जाते. मधले दोन पाय पुढच्या व मागच्या आडवीला आतल्या बाजूने, माथ्यापासून दीड इंच खाली ठेवून जोडावेत. बांधपट्टी त्यांच्या वरून सरकली पाहिजे.

तिसरी पायरी स्थिर पट्ट्यांची. पहिली पट्टी डाव्या टोकाला, तेरावी उजव्या टोकाला, आणि प्रत्येक दोन स्थिर पट्ट्यांमध्ये सव्वातीन इंचांची मोकळी जागा. ही जागा दर वेळी टेपने मोजण्याऐवजी सव्वातीन इंच रुंदीचा एक लाकडी ठोकळा कापून घ्यावा आणि तो मध्ये ठेवून पट्ट्या बसवाव्यात. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, अन्यथा टोक चिरते. स्क्रूचे डोके लाकडात बुडलेच पाहिजे.

चौथी पायरी सरकत्या चौकटीची. तिचे तीन पाय सरकत्या आडवीत अर्धे-अर्धे कापून एका पातळीत बसवावेत. आडवीच्या मागे पाय बाहेर आला तर सोफा मिटणार नाही. ही आडवी पुढच्या स्थिर आडवीला टेकवून उभी करावी आणि बारा पट्ट्या मोकळ्या जागांत ठेवून त्यांची पुढची टोके आडवीवर स्क्रूने बसवावीत. मागची टोके मागच्या आडवीवर अर्ध्या-पाऊण इंचाहून अधिक टेकलेली पण मोकळी राहतील.

पाचवी पायरी बांधपट्टीची. सोफा मिटलेल्या स्थितीत काळजीपूर्वक उलटा करावा. मागच्या आडवीच्या पुढे पाव इंच सोडून बांधपट्टी फक्त सरकत्या पट्ट्यांना खालून दीड इंची स्क्रूंनी जोडावी. ती स्थिर पट्ट्यांना घासू नये म्हणून जोडताना मध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद ठेवावा आणि नंतर ओढून काढावा. या पट्टीची कामे तीन: सरकत्या पट्ट्यांना सरळ रेषेत धरणे, त्यांची मागची टोके वर उचलू न देणे आणि सव्वाएकवीस इंच बाहेर आल्यावर पुढच्या आडवीला अडकून चौकट निसटू न देणे. अडकण्याच्या जागी रबराचा तुकडा चिकटवावा. आवाजही होत नाही आणि धक्काही बसत नाही.

शेवटी पाठ. दोन लांब पट्ट्या मागच्या खांबांच्या मागून, एक माथ्याशी आणि एक जमिनीपासून १४ इंचांवर लावून त्यांवर सहा उभ्या पट्ट्या सारख्या अंतराने बसवाव्यात. हात टेकण्याच्या फळ्या पुढच्या खांबांवर ठेवून मागच्या खांबांना जोडाव्यात.

सर्व कडा काचकागदाने गोल कराव्यात. चपड्याचे पॉलिश किंवा जवसाचे तेल, जे परवडेल ते लावावे. मात्र पट्ट्यांच्या घासणाऱ्या बाजूंवर पॉलिशचा थर नको. तिथे साधी मेणबत्ती घासावी.

चाके लावावीत का?

सरकत्या पायांना चाके लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर चाके इतकी सहज फिरतात की कुणी पुढच्या कडेवर जोराने बसला तर चौकट त्याच्यासकट सरकते. वृद्ध माणसासाठी हे धोक्याचे. पायांखाली जाड फेल्ट पुरेसे. फेल्टच्या जाडीइतके पाय आखूड करावेत. ओढण्यासाठी सरकत्या आडवीच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी हात बसेल अशी खाच कोरावी. मिटवताना सरकती आणि स्थिर आडवी यांच्यामध्ये बोट सापडू शकते. म्हणून लहान मुलांना हे काम करू देऊ नये आणि मिटवण्यापूर्वी ‘हात बाजूला’ म्हणण्याची सवय घरात लावावी.

गादी : फोम की कापूस?

गादीचे दोन भाग असतील: बैठकीचा ७५ बाय २६ आणि पाठीचा ७५ बाय २२ इंचांचा, दोन्ही ५ इंच जाड. दिवसा पाठीचा भाग बैठकीच्या मागच्या कडेवर उभा राहतो आणि बसायला २१ इंच उरतात. त्याचा तळ दोन इंच पुढे सरकवला की पाठीला आपोआप कल मिळतो. रात्री दोन्ही भाग शेजारी आडवे. जोड पलंगाच्या लांबीत, म्हणजे दोघांच्या मधोमध येतो. पाठीखाली टोचत नाही. एकटा माणूस तर सोफा न उघडताच २६ इंचांच्या बैठकीवर झोपू शकतो.

फोम घेताना ‘डेन्सिटी’ हा शब्द कानावर येतो. ३२ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. रोज झोपण्यासाठी ३२ हे किमान, ४० अधिक चांगले. फसवणूक टाळण्याचा उपाय सोपा आहे: वजनकाटा. वरील मापाचे दोन्ही तुकडे मिळून ३२ डेन्सिटीचे असतील तर सुमारे साडेनऊ किलो, आणि ४० चे असतील तर पावणेबारा किलोच्या आसपास भरले पाहिजेत. सात किलो भरले तर दुकानदार काहीही सांगो, तो फोम वर्षभरात बसणार. 

कापसाच्या जिल्ह्यात राहून फोमवरच थांबणे मात्र थोडे खटकते. मानवत, सेलू, जिंतूरच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागत आल्या आहेत आणि परभणीच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्राने देशी कापसाचे ‘परभणी तुराब’सारखे वाण दिले आहेत. देशात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शेते अमेरिकी जातीच्या संकरित वाणांनी भरली. त्यांचा धागा लांब व बारीक असतो. सुताला तो उत्तम, गादीत मात्र लवकर दबून थापी होते. आखूड व जाड धाग्याचा देशी कापूस अंगाने राठ पण लवचिक असतो. गादी भरायला पिंजारी तोच पसंत करतात. मिळाला तर अवश्य घ्यावा.

कापसाची गादी उन्हाळ्यात फोमपेक्षा कमी तापते. हिवाळ्यात किमान तापमान एक आकडी होणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ती ऊबही देते, आणि दबली तरी पुन्हा पिंजून नवी होते. फोम एकदा बसला की टाकावाच लागतो. कापसाची अडचण दुसरी आहे: ती गादी उभी राहत नाही, कमरेतून वाकते. शिवाय उघडलेल्या पलंगात पट्ट्यांमधील जागा सव्वातीन इंचांची होते, तिथे नरम कापूस खाली उतरतो. म्हणून मध्यममार्ग सुचवावासा वाटतो: आत ३ इंच फोम, त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक इंचाचा पिंजलेला कापूस आणि हातभर अंतरावर नव्हे, वीतभर अंतरावर घातलेले पक्के टाके. पट्ट्यांवर एक जाड सतरंजी अंथरली की गादी खाली उतरत नाही आणि फोमही घासत नाही.

खोळ चेन लावलेली, धुता येणारी असावी. ५४ इंची पन्ह्याचे कापड सुमारे ६ मीटर लागते. रेक्झिन पुसायला सोपे असते, पण मे महिन्यात त्यावर झोपणे ही शिक्षाच. जाड सुती कापड किंवा हातमागाचे कापड निवडावे आणि शिवण्यापूर्वी एकदा भिजवून आटवून घ्यावे.

वापरण्यापूर्वी परीक्षा

सोफा तयार झाला की पहिल्याच रात्री वडीलधाऱ्यांना त्यावर निजवू नये. आधी पोत्यांची परीक्षा घ्यावी. पलंग उघडून ५० किलोची चार पोती, धान्याची किंवा सिमेंटची, दोन स्थिर भागावर आणि दोन सरकत्या भागावर आडवी ठेवावीत व रात्रभर तशीच राहू द्यावीत. सकाळी पोती काढून पाहावे: एखादी पट्टी चिरली आहे का, सांधा उघडला आहे का, सरकत्या चौकटीचा एखादा पाय जमिनीपासून उचलला आहे का. पाय उचलला असेल तर तिथले फेल्ट जाड करावे. नंतर दहा वेळा उघडमिट करावी. अकराव्या वेळी घरातील सर्वांत अशक्त मोठ्या माणसाला ती करता आली पाहिजे. तोपर्यंत मेण घासणे आणि पट्ट्यांच्या कडा घोटणे चालू ठेवावे.

निगा

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आवराआवरीत, आठही बोल्ट पान्याने आवळावेत. लाकूड आक्रसले की बोल्ट सैल होतात आणि कुरकुर तिथूनच सुरू होते. गादी महिन्यातून एकदा उन्हात टाकावी. फोमवर थेट दुपारचे ऊन नको, सकाळचे कोवळे पुरे. मागचे खांब ओलसर भिंतीला टेकू देऊ नयेत, दोन-तीन बोटे अंतर ठेवावे. पायाशी मातीचा बारीक मार्ग दिसला तर ती वाळवी समजावी आणि लगेच वाळवीरोधक द्रव लावावा. काळ्या मातीवरच्या तळमजल्याच्या घरात सोफा घडवतानाच पायांच्या तळांना हा द्रव पाजून घेतलेला बरा.

एवढे केले तर हा सोफा सहज वीस-पंचवीस वर्षे सोबत करील. या काळात गादी दोन-तीनदा पिंजली जाईल, खोळी बदलतील, कदाचित घरही बदलेल. लाकडाच्या त्या पंचवीस पट्ट्या मात्र तशाच राहतील. रात्री अकराच्या गाडीने उतरलेल्या पाहुण्याला ‘जागा कुठे करायची’ हा प्रश्न न पडता ‘हातपाय धुऊन घ्या, अंथरूण तयार आहे’ असे म्हणता येणे, लहान घराची याहून मोठी श्रीमंती कोणती?